पडद्यावरचा आकडा वाचताना
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



घरगुती हवामान केंद्र हल्ली सहज मिळतं. पडद्यावर आकडे दिसतात, पण आकडा एकटा काही सांगत नाही. एकक कोणतं, वेळ कोणती, जागा कुठली, हे तीन प्रश्न विचारायचे.

आधी एकक. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. गच्ची ३०० चौरस मीटरची धरली, तर १०० मिलिमीटर पावसात तिच्यावर ३०,००० लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे तीन टँकर झाले की हो! गच्चीचे पाइप मे महिन्यातच का साफ करायचे, ते यावरून कळेल.

वाऱ्याचं एकक तर जिवाशी गाठ. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. ताशी ४५ किलोमीटर हा जोराचा वारा. पण ४५ नॉट म्हणजे ताशी ८३ किलोमीटर, चक्रीवादळाचा वेग! आपल्या उत्तनमधल्या ज्या घरांच्या बोटी समुद्रात असतात, त्यांना हा फरक सांगायला नको. यंत्रात 'मीटर प्रति सेकंद' असेल तर ३.६ ने गुणा.

हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये असो वा मिलिबारमध्ये, आकडा तोच. समुद्रसपाटीला सरासरी १०१३. दर आठ मीटर उंचीला साधारण एक कमी होतो, म्हणून यंत्रात गच्चीची उंची भरायची. आणि नुसता आकडा पाहू नका, तो झपाट्याने उतरतोय का ते पाहा.

आता वेळ. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ. घरचं यंत्र बहुधा मध्यरात्री शून्यावर येतं. मग दोन्ही आकडे जुळणार कसे?

शेवटी जागा. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर नोंद झाली, कुलाब्याला जेमतेम ७४. शहर एकच! म्हणून उत्तनचा पाऊस उत्तनमध्येच मोजायला हवा.

माझी सूचना एवढीच: रोज सकाळी साडेआठचा आकडा, एककासह, सोसायटीच्या फळ्यावर लिहावा. मुलांना ते काम द्या, आवडीने करतील. मात्र बोट काढायची की नाही, हे खात्याच्या इशाऱ्यावरच ठरवायचं. गच्चीवरचं यंत्र आत्ताचं सांगतं, उद्याचं नाही.