शाळूच्या रानातली ओल

दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूप परिसरात रब्बीचा शाळू पाऊस सरल्यावर मुख्यतः जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढतो,
आणि ही ओल टिकते ती पाण्याच्या रासायनिक घडणीमुळे.

पाण्याच्या रेणूत, म्हणजे त्याच्या सर्वांत लहान कणात, ऑक्सिजनचा 1 आणि हायड्रोजनचे 2 अणू असतात.
ऑक्सिजनकडे किंचित ऋण, तर हायड्रोजनकडे किंचित धन विद्युतभार असल्याने शेजारचे रेणू एकमेकांना धरून ठेवतात;
या पकडीला हायड्रोजन बंध म्हणतात.

ही पकडच सर्वांत महत्त्वाची.

काळ्या मातीच्या बारीक कणांनाही पाणी असेच चिकटते, म्हणून ते सगळे निथळून जात नाही.
पानांतून बाष्प बाहेर पडले, की मागचे पाणी साखळीसारखे वर ओढले जाते,
आणि त्यात विरघळलेले नत्र, स्फुरद, पालाश मुळांपासून शेंड्यापर्यंत पोहोचतात.

बाष्प होताना हीच पकड तुटावी लागते व त्यासाठी पुष्कळ उष्णता खर्च होते;
म्हणूनच सोलापूरच्या उन्हात पान आणि घामेजलेले शरीर, दोन्ही तग धरतात.

रानाला भेगा पडल्या, की मात्र त्यांतून ओल झपाट्याने उडते;
तेव्हा शेतकरी बंधुभगिनींनी वेळेवर कोळपणी करून त्या भेगा बुजवाव्यात.