विजोड जोडी



'ब्रह्मचारी' हा १९३८ सालचा बोलपट. कथा अत्र्यांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचे. ब्रह्मचर्याची शपथ घेतलेला औदुंबर आणि त्याचे मन जिंकायला निघालेली किशोरी! पुढे २०१० सालच्या 'मुंबई-पुणे-मुंबई'त मुलगी स्थळ नाकारायला पुण्यास जाते आणि एका पुणेकराशी दिवसभर वाद घालीत हिंडते.

अशी विजोड जोडी आपल्याला का बरे आवडते? ती लग्नाआधी पोटभर भांडते आणि भांडता भांडता एकमेकांना ओळखते. आमच्या गिरगावच्या चाळीत पत्रिकेतले गुण जुळत, पोह्यांची बशी पुढे होई. स्वभाव कळे तो लग्नानंतर.

तेव्हा मुलगा पाहून आलेल्या लेकीला 'पसंत आहे का?' एवढेच विचारू नका, 'भांडलात का?' हेही विचारा!