न उघडणाऱ्या तोंडाचा फोटो



दातांच्या क्ष-किरणांवर कामगार संघटनेच्या माणसाने बोलावे याचे आपणांस नवल वाटत असेल. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. पण हा विषय मी पुस्तकातून उचललेला नाही. एका यंत्रमाग कामगाराने तो आमच्या कचेरीत आणून माझ्यापुढे ठेवला.

हे गृहस्थ इचलकरंजीचे. पाळी बारा तासांची, आणि रात्री झोप लागू नये म्हणून गालात मावा. असे वीस वर्षे चालले. मग अक्कलदाढ ठणकू लागली. दवाखान्यात गेले, तर तोंड एक बोटच उघडते. फोटोची फिल्म आत जाईना. ‘तोंड उघडेल तेव्हा या,’ असे सांगून त्यांना परत पाठवले. दाढेपेक्षा हे वाक्य त्यांना अधिक दुखत होते.

तोंड असे आखडते ते सुपारीमुळे. गालाच्या आतले मऊ अस्तर हळूहळू चिवट होते, पांढुरके पट्टे येतात, तिखट सोसत नाही आणि जबडा बांधल्यासारखा होतो. डॉ. जोशी यांनी १९५३ साली या रोगाचे वर्णन आपल्याकडे प्रसिद्ध केले. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण सुपारी काही बंद झाली नाही. निरोगी माणसाच्या दातांमध्ये त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. (आता सभेतच करून पाहू नका, निदान हात धुऊन करा.)

दाताचा फोटो म्हणजे तोंडात काहीतरी धरायचे, ही समजूत जुनीच आहे. रॉंटगेन यांना १८९५ च्या नोव्हेंबरात हे किरण सापडले आणि दोनच महिन्यांत जर्मनीतले ऑटो वाल्कहॉफ यांनी गुंडाळलेली काच तोंडात धरून स्वतःच्या दातांचा फोटो घेतला. त्याला पंचवीस मिनिटे लागली! अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचे डॉ. केल्स रोग्याच्या तोंडातली फिल्म स्वतःच्या बोटांनी धरीत. किरणांनी त्यांची बोटे गेली, मग हात गेला, आणि १९२८ साली त्यांनी स्वतःच जीवन संपवले. आजही एखाद्या दवाखान्यात मदतनीस मुलीला ‘जरा धर’ म्हणतात, तेव्हा मला केल्स आठवतात. आमच्या सभासद भगिनींना मी सांगतो की, फिल्म धरणे हे तुमचे काम नव्हे. आडोशामागे उभ्या राहा. आडोसा नसेल तर निदान सहा फूट दूर, आणि किरणांच्या वाटेत तर नाहीच.

आता मुद्द्याचे. फिल्म आत जात नसेल तर ती बाहेर ठेवता येते. यातली जुनी रीत साध्या यंत्रावरही होते. दुखत्या बाजूच्या गालाला फिल्मची पेटी टेकवायची, मान त्याच बाजूला कलती करायची, हनुवटी पुढे काढायची, आणि किरण दुसऱ्या बाजूने जबड्याखालून किंचित वर रोखून सोडायचे. एवढी तिरपाई कशासाठी? सरळ किरण सोडले तर समोरचा जबडा याच जबड्यावर पडतो आणि चित्रात काहीच उमगत नाही. हनुवटी पुढे काढली नाही तर मानेचे मणके मध्ये येतात. यात सगळे कसब माणसाला नीट बसवण्यात आहे.

दुसरी रीत फिनलंडच्या पाटेरो यांनी १९४९ च्या सुमारास पुढे आणली. आजच्या यंत्रात नळी एका बाजूने आणि फिल्म किंवा तिच्या जागचा ग्राहक दुसऱ्या बाजूने डोक्याभोवती फिरतो; वीसेक सेकंदांत दोन्ही जबडे एका पट्टीवर उमटतात. फिरताना चित्र फिसकटत कसे नाही, हे मला बरेच दिवस कळेना. मग फलाटावर कळले. सुटलेल्या गाडीबरोबर आपण धावतो, खिडकीतल्या चेहऱ्यावर नजर ठेवतो. तो चेहरा स्पष्ट दिसतो आणि फलाटाचे खांब पुसट होतात. यंत्राचा वेग दातांच्या कमानीशी असाच जुळवलेला असतो. कमानीच्या पुढेमागे असलेले सारे पुसट होते. म्हणून माणूस बोटभर पुढे बसला तरी समोरचे दात बिघडतात. कानातले काढायला सांगतात तेही उगाच नव्हे. डाव्या कानातल्या बाळीचे भूत उजवीकडे, थोडे वर उमटते!

मात्र या फोटोंकडून नसत्या अपेक्षा करू नयेत. दोन दातांच्या फटीतली बारीक कीड तोंडातल्या फिल्मवर जशी दिसते तशी येथे दिसत नाही. गाल आखडला आहे हे तर कोणत्याच साध्या फोटोत दिसायचे नाही. ते डोळ्यांनी आणि बोटांनी पाहावे लागते, आणि संशय आला तर तुकडा काढून तपासावा लागतो, कारण या दुखण्यातून कर्करोग उद्भवू शकतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून शंकूच्या आकाराच्या किरणांचे त्रिमितीय चित्रणही निघाले आहे. ते उत्तम, पण खर्चाचे, आणि साधारणपणे त्यात किरणही जास्त लागतात. साध्या फोटोवर भागत असताना ते सुचवले गेले, तर ‘यातून जादा काय कळणार?’ असे अवश्य विचारावे. डॉक्टर रागावणार नाहीत. रागावलेच तर दुसरे डॉक्टर आहेत.

आमचे गृहस्थ शेवटी सरकारी दंत महाविद्यालयात गेले. तेथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना फिरत्या यंत्रापुढे उभे केले. फोटोत दाढ आडवी पडून पुढच्या दाढेला ढुशी देत होती. आपले बंद तोंड आतून कसे दिसते हे ते बराच वेळ पाहत राहिले. नंतर मला म्हणाले, “साहेब, यात तोंड उघडायलाच लागलं नाही की!”

तोंड इतके कमी उघडत असल्याने दाढ काढायला वेळ लागला, पण ती निघाली. गालाचा तुकडा तपासला. त्यात कर्करोग नव्हता. मावा त्यांनी सोडला आहे. पाळी अजून बारा तासांचीच आहे.