क्रोशाच्या एका फुलाची मजुरी

आज माणगावहून बोलतेय. मागे हायवेचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे क्रोशाचं फूल. पानं आणि देठासकट, फुलदाणीत उभं राहील असं. आपल्याकडे क्रोशा म्हटलं की तोरण, टीपॉयवरचा रुमाल आणि रुखवत आठवतं. अलीकडे त्यात ही देठाची फुलं आलीत. ट्यूलिप, सूर्यफूल, गुलाब यांचे व्हिडिओ ढिगाने आहेत, म्हणून ते परत सांगत नाही. मी घेतलंय कळलावीचं फूल. पावसाळ्यात कुंपणावर चढलेलं दिसतं ना, लाल-पिवळं, ज्वाळेसारखं? कुणी अग्निशिखा म्हणतं, कुणी गौरीचे हात. खरी कळलावी विषारी आहे, लहान मुलं असलेल्या घरात आणून ठेवायची नाही. दोऱ्याची चालते.

एक गोष्ट आज वेगळी करतेय. प्रत्येक भागाला मला किती वेळ लागतो तेही सांगणार आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, कुठल्याही कामाला किती तास लागतील ते लिहायची सवय तिथूनच लागली. हिशेब शेवटी करू.

आधी सामान. लाल, पिवळा, हिरवा सुती दोरा, त्याला जुळणारी सुई, आणि तार. दुकानात 'लोकर' म्हणून जी मिळते ती बऱ्याचदा अॅक्रिलिक असते, म्हणजे एका प्रकारचं प्लास्टिकच. म्हणून मी सुती घेते. आपल्या कोकणातल्या पावसात सुताला बुरशी धरू शकते, तेव्हा पाऊस उघडला की फुलांना ऊन दाखवा. तार लोखंडी नको. दमट हवेत गंजते आणि डाग दोऱ्यावर उमटतात. अॅल्युमिनियमची किंवा प्लास्टिकचं आवरण असलेली घ्या.

टाके तीनच लागतात. साखळी, मुका खांब आणि खांब. मुका खांब म्हणजे खांबापेक्षा बुटका टाका. सुई घालायची, दोरा ओढायचा, सुईवरचे दोन्ही फास एकदम काढायचे.

पाकळी. १६ साखळ्या घाला, सुईपासून दुसऱ्या साखळीत सुरुवात करून १५ मुके खांब. आता उलटं वळून कडेने फिरायचं, पण प्रत्येक टाक्यात दोन-दोन मुके खांब घालायचे. टोकाला तीन, मग साखळीच्या दुसऱ्या बाजूने पुन्हा दोन-दोन. बुडाकडचे पाच-सहा टाके पिवळे, पुढचे लाल. रंग बदलताना आधीच्या टाक्याचा शेवटचा फास नव्या दोऱ्याने ओढा, म्हणजे जोड दिसत नाही.

कड आपोआप लाटांसारखी होते, इस्त्री नको की तार नको. कारण सोपं आहे. १५ टाक्यांच्या जागेत आपण ३० बसवले. त्यांना सपाट मावायला जागाच नाही, मग ते वर-खाली होतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डाइना टाइमिना यांनी १९९७ मध्ये हेच वापरून हायपरबोलिक प्रतल क्रोशाने विणलं. कागदाची तशी प्रतलं पटकन फाटायची, विणलेलं हातात धरून दुमडता येतं. कळलावीच्या पाकळीची कडही अशीच, मध्यापेक्षा जास्त वाढलेली.

अशा सहा पाकळ्या. एकीला १२ मिनिटं, म्हणजे ७२.

मग सहा पुंकेसर. बारीक तारेला हिरवा दोरा गुंडाळून टोकाला पिवळी गाठ. मधली स्त्रीकेसराची दांडी मात्र काटकोनात एका बाजूला वळवा. खऱ्या फुलात ती तशीच असते, आणि त्या एका वळणाने फूल लगेच ओळखू येतं. १८ मिनिटं.

पान. २० साखळ्या. दुसऱ्या साखळीपासून तीन मुके खांब, १३ खांब, पुन्हा तीन मुके खांब. बुडाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने तसंच परत या. जिथे पोहोचाल ते पानाचं टोक. कळलावीच्या पानाचं टोक स्प्रिंगसारखं वळतं, त्यानेच वेल आधार पकडते. ते करायला तिथून १२ साखळ्या काढा आणि परत येताना प्रत्येक साखळीत तीन मुके खांब घाला. टोक स्वतःहून गुंडाळतं. नियम पाकळीचाच, फक्त जास्त कडक. तीन पानं, ३६ मिनिटं.

देठ. पाकळ्या केसरांभोवती तारेला बांधा, टोकं खाली वळू देऊ नका, खऱ्या फुलात ती वर उचललेली असतात. मग तार आत ठेवून तिच्यावरून हिरवे मुके खांब घालत खाली या, पानं वाटेत एकेक करून अडकवा. २५ मिनिटं. सगळं जोडणं आणि दोऱ्याची टोकं लपवणं, आणखी २०.

बेरीज १७१ मिनिटं. तीन तासांना नऊ मिनिटं कमी. दोरा आणि तार मिळून मला ३५ रुपये पडतात.

शेजारच्या काकूंना विचारलं, असल्या फुलाचे किती घेता? म्हणाल्या, "अगं, शंभर देतात. वेळ काय, तसाही टीव्हीपुढे जातोच."

शंभरातून ३५ गेले, उरले ६५. १७१ मिनिटांचे ६५, म्हणजे तासाला सुमारे २३ रुपये. आठ तास विणलं तर दिवसाचे १८३. रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. काकूंचा हात माझ्यापेक्षा पटपट चालतो, त्यांना दोन तास लागले असं धरलं तरी आठ तासांचे २६० होतात. म्हणजे बोटांत मुरलेलं कौशल्य अकुशल कामापेक्षा स्वस्त जातंय.

कुणी म्हणेल, मशीन स्वस्तात करेल, तुम्ही कशाला भांडता? तर क्रोशाचं तसं नाहीये. सुयांवरच्या विणकामात अख्खी ओळ फासांची उघडी असते, ती मशीनला जमते. विल्यम ली याने विणकामाचं यंत्र १५८९ सालीच केलं होतं. क्रोशात प्रत्येक टाका तिथल्या तिथे बंद होतो आणि सुईला मागच्या कुठल्याही टाक्यात शिरून दोरा ओढावा लागतो. प्रयोगशाळांमध्ये प्रयत्न झालेत, पण असं फूल कारखान्यात काढून देणारं मशीन बाजारात नाही. म्हणजे जिथे कुठे क्रोशाचं फूल दिसेल, ते कुणीतरी बसून केलेलं असतं. फार स्वस्त मिळालं, तर त्या कुणालातरी फार कमी मिळालंय.

आणि "वेळ तसाही जातोच" हे वाक्य काकूंचं एकटीचं नाही. आंध्र प्रदेशातल्या नरसापूरला क्रोशाच्या लेसचा जुना धंदा आहे, २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या बायकांवर १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की लेस परदेशी जात होती, पैसा व्यापारी आणि निर्यातदार कमावत होते, आणि रोज तासन्‌तास विणणाऱ्या बायकांना सगळे 'घरी बसून फावल्या वेळात करणाऱ्या गृहिणी' म्हणत होते. एकदा काम फावल्या वेळाचं ठरलं की त्याची मजुरी मागायची सोयच राहत नाही.

म्हणून मी एक साधं सुचवते. फुलाच्या देठाला चिठ्ठी लावतो ना, तिच्यावर किमतीच्या वर वेळ लिहा. 'कळलावी, २ तास ५१ मिनिटं.' घासाघीस करणाऱ्याला मग मिनिटं कमी करून मागावी लागतात, ते जरा जड जातं. माझ्या हिशेबाने रोजगार हमीच्या त्या दराने सुद्धा माझं हे फूल १४६ ला पडतं. मी दीडशेखाली देत नाही, आणि त्यात कौशल्याचे पैसे अजून धरलेलेच नाहीत. काकूंना हे सगळं कागदावर मांडून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बघते." पुढच्या ऑर्डरला त्यांनी १३० सांगितले.

विकत घेणाऱ्यांनाही एवढंच सांगेन. "केवढ्याला?" विचारायच्या आधी "किती वेळ लागला?" विचारा. आणि भेट द्यायला करत असाल, तर हिशेब सोडा, निवांत विणा.

टाक्यांत कुठे अडलात तर कळवा. भेटू पुढच्या भागात.