सुईची तपासणी आणि रक्तस्राव : भय नको, सावधानता हवी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आणे येथील महिला मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



पन्नास वर्षांची अखंड सेवा ही कोणत्याही संस्थेच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. पाण्याचे दुर्भिक्ष्य सोसणाऱ्या या पठारावर ती अधिकच मोलाची ठरते. रंगदास स्वामींच्या यात्रेत आमटी-भाकरीच्या महाप्रसादासाठी सारे आणे गाव कसे एकदिलाने राबते, हे आपण जाणताच. तशीच एकजूट आज मला एका निराळ्या कार्यासाठी मागावयाची आहे. विषय स्त्रियांच्या स्तनातील गाठीचा आहे. ज्याविषयी घरात आईजवळही बोलले जात नाही, त्याविषयी आज येथे उघडपणे बोलणे मी माझे कर्तव्य समजते.

स्तनात लागणारी प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. बहुसंख्य गाठी साध्याच असतात. परंतु गाठ साधी की घातक, हे केवळ हाताने चाचपून निश्चित सांगता येत नाही. सोनोग्राफी व मॅमोग्राफीनंतरही शंका उरली, तर गाठीचा बारीक तुकडा सुईने काढून तपासावा लागतो. यालाच बायोप्सी म्हणतात. जागा बधिर करून, बहुधा सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या सुईने हे काम होते. त्याच दिवशी घरी परतता येते.

असे असूनही अनेक भगिनी ही तपासणी महिनोन्‌महिने पुढे ढकलतात. त्यामागे दोन भये असतात. पहिले, ‘सुई लावली की रोग पसरतो’. सुईच्या मार्गात क्वचित काही पेशी सरकू शकतात, हे खरे. परंतु त्यामुळे रुग्णाचे आयुष्य घटते असे आजवरच्या अभ्यासांतून दिसलेले नाही. आयुष्य घटते ते विलंबामुळे. दुसरे भय रक्तस्रावाचे. एखादीची छाती तपासणीनंतर काळीनिळी पडते, ती वार्ता गावभर पसरते आणि मग दहा जणी घरी बसतात. म्हणून या दुसऱ्या भयाचा आज सविस्तर विचार करू.

सुई आत जाताना सूक्ष्म रक्तवाहिन्या तुटतात, तेव्हा थोडे रक्त त्वचेखाली साचणे स्वाभाविकच आहे. त्यामुळे उमटणारा काळानिळा डाग पुढे हिरवट, मग पिवळसर होत एक-दोन आठवड्यांत मावळतो. स्तनाचा भाग मऊ असल्याने तो कधी खालपर्यंत उतरलेला दिसतो. त्याचा अर्थ रोग पसरला असा मुळीच नव्हे. कधी रक्त साचून आत टणक गोळा होतो. त्यास हिमॅटोमा म्हणतात. तोही बहुधा काही आठवड्यांत आपोआप विरतो. उपचार करावे लागतील असा रक्तस्राव साध्या सुईच्या तपासणीत शंभरात एकीलाही होत नाही. निर्वात यंत्राच्या जाड सुईने मोठे तुकडे काढावे लागल्यास हे प्रमाण थोडे वाढते.

हा धोका आणखी कमी करणे बरेचसे आपल्याच हाती आहे. आपण घेत असलेली सर्व औषधे डॉक्टरांना आधी सांगावीत. रक्त पातळ करणाऱ्या ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन यांसारख्या गोळ्या तर आवर्जून सांगाव्यातच. त्याखेरीज लसणाच्या गोळ्या, काढे व घरगुती औषधेही लपवू नयेत. मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. हृदयात स्टेंट बसविलेल्या रुग्णाने ॲस्पिरिन अचानक सोडले, तर छातीवरील डागापेक्षा कितीतरी मोठे संकट ओढवू शकते. अनेक ठिकाणी या गोळ्या चालू ठेवूनच तपासणी केली जाते; निर्णय डॉक्टरांचा असावा. यकृताचा विकार, नुकताच झालेला डेंग्यू, बाळंतपणात वा दात काढताना झालेला अतिरक्तस्राव, हेही सांगावे.

आपल्या समाजापुरते एक विशेष सांगते. जागा बधिर करून होणाऱ्या या तपासणीसाठी उपाशी राहण्याची सहसा आवश्यकता नसते. उपवासाच्या दिवशी भोवळ येण्याचा संभव वाढतो, म्हणून शक्य असल्यास पारण्यानंतरचा दिवस ठरवावा. तप दीर्घ असेल तर डॉक्टरांना तशी कल्पना द्यावी. चउविहार पाळणाऱ्या श्राविकांनी सकाळची वेळ मागून घ्यावी. म्हणजे आहार व औषध सूर्यास्तापूर्वी होऊन दिवसाउजेडी घरी पोहोचता येते.

तपासणीनंतर त्या जागेवर दहा-पंधरा मिनिटे घट्ट दाब देतात. हाच रक्त थांबविण्याचा मुख्य उपाय आहे, तेथे घाई करू नये. त्यानंतर थोडा वेळ रुग्णालयातच बसावे. आपल्याला अहिल्यानगर किंवा पुण्याहून लांबचा पल्ला गाठून, घाट ओलांडून यावयाचे असते. मोटारसायकलवरून हादरे खात येण्याचे टाळावे. घट्ट अंतर्वस्त्र त्या रात्रीही ठेवावे. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटे लावावा. एक-दोन दिवस पाण्याचे हंडे, धान्याची पोती उचलू नयेत. घरातील पुरुषांनी व सुनांनी हे काम आनंदाने वाटून घ्यावे! वेदना झाल्यास डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावे. इतर वेदनाशामक गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. गरम शेक, तेल चोळणे, हळदीचा लेप हे आपले नेहमीचे उपाय येथे कटाक्षाने टाळावेत. शेकाने व चोळण्याने थांबलेले रक्त पुन्हा वाहू लागते.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र सकाळची वाट पाहू नये : पंधरा-वीस मिनिटे दाबूनही पट्टी भिजत राहणे, सूज पाहता पाहता वाढणे, त्वचा ताणून चकाकणे, चक्कर येणे, श्वास लागणे. सूज ठोक्यासारखी उडत असेल, किंवा पुढील दिवसांत ताप, लाली वा पू दिसला, तरीही तत्काळ डॉक्टरांना दाखवावे. रात्री वाहन न मिळाल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

वेळीच तपासणीचे मोल किती, हे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या अभ्यासाने दाखविले आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. त्यांतील निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्याहून लहान वयात मात्र तशी घट दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. महागड्या यंत्रावाचून, साध्या हातांनी हे साधले. परंतु हाताला लागलेल्या गाठीचे निदान शेवटी सुईनेच होते. तेथे पाऊल अडखळले, तर आधीचे सारे श्रम व्यर्थ जातात.

आपल्या धर्माने आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. भयभीत भगिनीला खरी माहिती देणे म्हणजे एकाच वेळी ज्ञानदान आणि अभयदानही होय. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्त मंडळापुढे एक नम्र विनंती ठेवते. तपासणीस निघालेल्या भगिनीसोबत जाणाऱ्या, तिच्या औषधांची यादी लिहून देणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी तिची विचारपूस करणाऱ्या चार-पाच श्राविकांचे एक पथक सिद्ध करावे. जातपात न पाहता पठारावरील प्रत्येक स्त्रीला त्याचा लाभ व्हावा. यास खर्च अल्प आहे. हवी आहे ती केवळ आत्मीयता. साधर्मिक वात्सल्याचा याहून सुंदर विस्तार कोणता असेल?

छातीवरचा डाग पंधरा दिवसांत जातो. दडविलेली गाठ मात्र वाढत राहते. हा भेद येथून घरी जाणाऱ्या प्रत्येक भगिनीने आपल्या शेजारणीला सांगावा, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेते.

जय जिनेंद्र!