छावणीतून परतलेला शेतकरी
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



युद्धाची हानी मोजण्याची जगाची एक ठरलेली रीत आहे. किती माणसे मेली, किती घरे जळाली, किती मदत पोचली, हे आकडे मांडले जातात आणि तह झाला की हिशेब मिटला असे मानले जाते. लहान शेतकऱ्याचे नुकसान मात्र या हिशेबात पुरते येत नाही. त्यातील मोठा भाग बंदुका शांत झाल्यानंतरच उघड होऊ लागतो. उत्तर युगांडातील अचोली शेतकऱ्यांचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

अचोली प्रदेश हा ज्वारी, नाचणी, तीळ, तूर आणि भुईमूग पिकवणारा मुलूख. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ही पिके परकी नाहीत आणि तेथील रीतही परकी वाटू नये. आपल्याकडे जिला सावड म्हणतात, तशी एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबण्याची प्रथा तेथे आहे. जमीन भावकीची आणि तीतील वाटा कुटुंबाच्या वहिवाटीचा. त्याला कागद नव्हता व कागदाची गरजही भासत नव्हती. ओढा, जुने झाड, वारूळ, पूर्वजांची थडगी ह्याच हद्दीच्या खुणा होत्या. रात्री शेकोटीभोवती बसून वडीलधारी माणसे त्या पुढच्या पिढीला सांगत. १९९५ ची राज्यघटना आणि १९९८ चा जमीन कायदा यांनी या रूढिसिद्ध हक्काला मान्यताही दिली. परंतु ही मान्यता आली तेव्हा ज्यांचा हक्क मान्य व्हायचा, त्यांतील असंख्य माणसे आपल्या जमिनीवरून उठवली गेली होती.

१९८६ मध्ये मुसेवेनी सत्तेवर आल्यानंतर उत्तरेत बंडाळी पेटली. पहिला घाव पडला तो गोधनावर. त्या दशकाच्या अखेरीपर्यंत लुटालुटीत अचोलींची बहुतेक गुरे नाहीशी झाली. नांगराचा बैल गेला आणि शेतकरी पुन्हा कुदळीवर आला. पुढे जोसेफ कोनी याच्या ‘लॉर्ड्‌स रेझिस्टन्स आर्मी’ने गावेच्या गावे लुटली, हजारो मुले पळवून नेली. सरकारने संरक्षणाचे कारण सांगून १९९६ पासून लोकांना छावण्यांत हलवले. २००२ मध्ये तर उरलेल्या गावकऱ्यांना घरे सोडण्यासाठी ४८ तासांची मुदत देण्यात आली. २००५ पर्यंत विस्थापितांची संख्या सुमारे १८ लाखांवर पोचली. त्या वर्षी झालेल्या आरोग्य पाहणीत असे आढळले, की अचोली छावण्यांत एरवीच्या प्रमाणापेक्षा आठवड्याला सुमारे एक हजार मृत्यू अधिक होत होते.

छावणीतील माणूस धान्य पिकवणारा राहिला नाही. तो रांगेत उभा राहून शिधा घेणारा झाला. छावणीलगत एखादा तुकडा खंडाने मिळाला तर कसायचा, दूरच्या शेतावर जावे तर बंडखोरांची भीती आणि सैनिकांचा संशय. शेकोटीभोवतीची बैठक मोडली. छावणीत जन्मलेल्या मुलाने नाचणी-ज्वारीपेक्षा परदेशी मदतीच्या पोत्यांवरील अक्षरे अधिक पाहिली. हद्दीच्या खुणा ठाऊक असलेले वृद्ध मात्र एकेक करून मरत होते. ज्या समाजात जमिनीचे दप्तर म्हणजे माणसांची स्मृती, त्या समाजात वृद्धाचा मृत्यू म्हणजे दप्तराला लागलेली आगच होय.

२००६ च्या ऑगस्टमध्ये जुबा येथे युद्धबंदीचा करार झाला आणि माणसे हळूहळू परतू लागली. शेते झाडोऱ्याने वेढली होती, खुणा पुसल्या होत्या, भाऊबंदांत बांधावरून तंटे उभे राहिले. सर्वांत बिकट अवस्था झाली ती स्त्रियांची. अचोली रीतीनुसार विवाह पूर्ण होतो तो गुरांच्या रूपाने देज दिल्यावर. गुरेच उरली नाहीत, तेव्हा छावण्यांत कित्येक संसार देजावाचून उभे राहिले. नवरा मेल्यावर त्याची भावकी म्हणू लागली, की ही आमची सून नव्हे. हिला आणि हिच्या मुलांना आमच्या जमिनीत वाटा नाही. वीस वर्षांपूर्वी लुटलेल्या गुरांची किंमत अशी एका विधवेने आपल्या शेताने चुकती करायची!

आणि तंटा केवळ भावकीतलाच नव्हता. रिकामी दिसणारी जमीन सत्तेला बेवारशी वाटते. आपा येथील जमीन २००२ मध्ये वन्यप्राण्यांसाठी राखीव म्हणून जाहीर झाली. लोक तेव्हा छावण्यांत होते. परतलेल्यांना अतिक्रमक ठरवून हुसकावण्यात आले. २०१५ च्या एप्रिलमध्ये हद्द आखण्यासाठी मंत्री तेथे आले असता वृद्ध स्त्रियांनी त्यांच्यासमोर आपली वस्त्रे उतरवली. मातेची विवस्त्रता हा अचोली समाजात सर्वांत भयंकर शाप मानला जातो. ज्यांच्यापाशी कागद नाही, वकील नाही, बंदूक नाही, त्यांचे ते अखेरचे निवेदन होते.

यातून निष्कर्ष निघतो तो असा, की विस्थापिताला गावी पोचवणे म्हणजे पुनर्वसन नव्हे. बी-बियाणे आणि कुदळ देऊन मदतकार्य संपते. शेती मात्र तेवढ्याने सुरू होत नाही. तिला बैल लागतो, सावड लागते, आणि पेरलेले आपल्यालाच कापायला मिळेल हा भरवसा लागतो. म्हणून माणसे छावणीत असतानाच वृद्धांकडून हद्दींची नोंद करून घेणे, विस्थापनाच्या काळात त्या जमिनीचे कोणतेही हस्तांतर वा आरक्षण होऊ न देणे, आणि स्त्रीचा हक्क देजावर नव्हे तर तिच्या कष्टावर व वहिवाटीवर मान्य करणे, या गोष्टी शांततेच्या करारातच आल्या पाहिजेत. सामुदायिक मालकी मोडून प्रत्येकाच्या हाती विक्रीयोग्य कागद द्यावा, असा सोपा उपाय सुचवला जातो. परंतु कर्जात बुडालेल्या, बैल गमावलेल्या शेतकऱ्याच्या हातातील असा कागद सावकाराच्या पेटीत जायला किती हंगाम लागतात, हे येथील कार्यकर्त्यांना सांगायला नको.

युद्ध करणाऱ्यांमध्ये तह होतो तेव्हा मेजाभोवती शेतकरी नसतो. त्याची जमीन मात्र त्या मेजावर असते. ती तेथून उचलून त्याच्या हाती परत देणे, हेच शांततेचे खरे काम आहे.