उपासाचा फराळ



आज आपण उपासाच्या फराळाविषयी बोलू.

आषाढी एकादशी येते. मागून श्रावणी सोमवार येतात. पुढे नवरात्र, मग महाशिवरात्र. या दिवशी पुष्कळ घरांत धान्य वर्ज्य. गहू नाही, ज्वारी नाही, तांदूळ नाही, डाळ नाही. मग चुलीवर काय चढते? साबुदाण्याची खिचडी, साबुदाण्याचे वडे, बटाट्याचा तळलेला कीस. लोक हसून म्हणतात, 'एकादशी अन् दुप्पट खाशी.'

उपास करावा की करू नये, ते आम्ही सांगत नाही. ते ज्याचे त्याने ठरवावे. पण करायचा तर त्या दिवशी पोटात काय जाते, ते पाहावे. घरात जास्त उपास कोण धरते? बहुतेक घरी बाईमाणूस धरते. उपास आहे म्हणून तिचे काम काही सुटत नाही. पाणी भरायचे, धुणे धुवायचे, खुरपणीला जायचे. अशा राबणाऱ्या अंगाला नुसत्या साबुदाण्याने कसे पुरेल?

आम्ही जन्मभर मुलांना हिशेब शिकवला. येथेही हिशेबच मांडतो.

साबुदाणा हा दाणा नव्हे. टॅपिओका नावाचा एक कंद आहे. त्याच्या सत्त्वाच्या या गोळ्या. तमिळनाडूत सेलमच्या बाजूला त्याचे कारखाने आहेत. साबुदाण्यात जवळजवळ सगळा पिठूळ भाग असतो. अंगाची झीज भरून काढतो, त्या भागाला प्रथिने म्हणतात. १०० ग्रॅम साबुदाण्यात प्रथिने १ ग्रॅमसुद्धा नसतात. १०० ग्रॅम राजगिऱ्यात ती १३ ग्रॅमच्या आसपास असतात. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम. शिवाय राजगिऱ्यात लोह आहे, चुना आहे. लोह रक्ताला लागते, चुना हाडांना लागतो. आता तुम्हीच सांगा, ताटात जास्त काय असावे?

कोणी म्हणेल, "गुरुजी, साबुदाणा तर वाडवडलांपासून चालत आलाय." बरं, ऐका. टॅपिओकाचा कंद, बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि मिरची, ही सगळी मुळात अमेरिका खंडातली. गेल्या पाचशे वर्षांत ती आपल्याकडे आली. म्हणजे उपासाचे ताट मागेही बदलले आहे. मग आपण ते आणखी थोडे सुधारले, तर बिघडले कुठे?

घरी सहज होतील असे चार पदार्थ सांगतो.

पहिला, रताळ्याचे काप. रताळी स्वच्छ धुवा. सालासकट वाफवा. बोटाएवढे जाड काप करा. तव्यावर चमचाभर तूप सोडून दोन्ही अंगांनी भाजा. वर मीठ आणि जिऱ्याची पूड टाका. तळण नको.

दुसरा, राजगिऱ्याचा लाडू. कढई चांगली तापवा. मूठ मूठ राजगिरा टाकून लाह्या फोडा. लाह्या ४ वाट्या, गूळ १ वाटी, शेंगदाण्याचे कूट अर्धी वाटी. गुळाचा पाक करा. थेंब पाण्यात टाकल्यावर त्याची मऊ गोळी झाली, की पाक झाला. लाह्या आणि कूट त्यात घाला. हाताला तूप लावून गरम आहे तोवर लाडू वळा.

तिसरा, शिंगाड्याचे थालीपीठ. शिंगाडा हे पाण्यातल्या वेलीचे फळ. त्याचे पीठ २ वाट्या घ्या. त्यात काकडीचा नाहीतर लाल भोपळ्याचा कीस १ वाटी, उकडलेला बटाटा १, मिरची, मीठ आणि दाण्याचे कूट घाला. तव्यावर थापा. झाकण ठेवून थोड्या तुपावर भाजा.

चौथा, काकडीची कोशिंबीर. काकडी बारीक चिरा. दही, दाण्याचे कूट, मीठ, वर तुपाची आणि जिऱ्याची फोडणी. याला वेळ लागत नाही.

साबुदाणा खायचाच असेल तर थोडा खा. सोबत दाण्याचे कूट जास्त घाला आणि ताक किंवा दही घ्या. शेंगदाणे मात्र निवडून घ्या. बुरशीचे, काळे पडलेले, खवट दाणे फेकून द्या. पैसे गेले तरी चालतील, तब्येत जाऊ नये.

आता भगरीविषयी. कोणी तिला वरई म्हणतात. हे ध्यानात ठेवाच. २०२४ च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावी सप्ताह चालू होता. एकादशीला लोकांनी भगर आणि आमटी खाल्ली. शेकडो माणसांना उलट्या आणि जुलाब झाले. सणाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. भगरीला, त्यातून तिच्या पिठाला, ओल लवकर धरते. मग बुरशी येते. बुरशीचे विष शिजवूनही जाईलच असे नाही.

तेव्हा चार गोष्टी पाळा. सुटी, उघड्या पोत्यातली भगर घेऊ नका. पाकिटावरची तारीख वाचा. आता तुम्हाला वाचता येते, ते येथे कामी येईल. भगर निवडा, धुवा, कडक उन्हात वाळवा आणि लागेल तेवढीच दळा. मागल्या सणाचे उरलेले पीठ वापरू नका. खाल्ल्यावर उलट्या झाल्या, चक्कर आली, तर घरी वाट पाहू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा.

शेवटी एक. पोटुशी बाई, अंगावर पाजणारी आई, आजारी माणूस आणि साखरेच्या दुखण्याची गोळी घेणारे, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नये. गोळी घेतली आणि पोट रिकामे राहिले, तर रक्तातली साखर एकदम उतरू शकते. माणूस जागीच कोसळू शकतो.

येत्या एकादशीला एवढे करा. एक पदार्थ तळणाचा कमी करा आणि एक भाजलेला वाढवा. आणि घरच्या बाईच्या ताटात राजगिऱ्याचा लाडू आहे ना, ते आधी पाहा.